दिवाडी, चोडण, जुव्यातल्या शेतकऱ्यांसाठी हिशेबाचा वर्ग कसा घ्यायचा

सगळ्यात आधी फेरीबोटीचा टाइम बघा, मग तारीख ठरवा. हे पहिल्याच ओळीत लिहितेय कारण बेटावर ट्रेनिंग द्यायला येणारे बरेच जण पणजीहून येतात, त्यांच्या सोयीने सकाळी अकराची वेळ देतात, आणि अकराला जी बाई टोपली घेऊन पलीकडे बाजारात बसलेली असते तिच्यासाठीच तर हा वर्ग असतो. मग हॉलमध्ये येतं कोण, तर ज्यांना शेतीचा पैसा लागत नाही असे चार रिटायर्ड लोक. तेही चांगलेच, पण वर्ग त्यांच्यासाठी नव्हता.

गोव्यात मांडवी नदीतल्या या बेटांवर (दिवाडी, चोडण, जुवे, आणि तसंच छोटं वांशी) शेती छोटीच. खाली खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून वाचवलेली भाताची जमीन, थोडं वर खेर, आणि अजून वर मरड. एकेका घराकडे चार कुणगे (शेताचे तुकडे) भाताचे, परसात दहा-बारा माड, एक-दोन मानकुराद आंबे, भात कापल्यावर तांबडी भाजी, मुळा, अळसांदे (चवळी), मिरची, वांगी. जुव्यात भेंडी. कोणाचं एकच मोठं पीक नाही, म्हणून पैसाही एकदम येत नाही, थेंबथेंब येतो आणि थेंबथेंब जातो, आणि म्हणूनच तो कुठून आला कुठे गेला ते कळत नाही. माझ्या मते इथल्या आर्थिक साक्षरतेचा खरा प्रश्न हाच आहे, लोकांना बँक माहीत नाही हा नाही. बँक सगळ्यांना माहीत आहे. आपल्या एका किलो भेंडीला किती खर्च आला ते माहीत नाही.

आम्ही पहिल्यांदा वर्ग घेतला तेव्हा नेमकी हीच चूक केली. पहिल्या दिवशी स्क्रीन लावून कर्ज, विमा, पेन्शन, सगळ्या स्कीमा दाखवल्या. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा घेतला, दुसऱ्या आठवड्यात अर्धे आले नाहीत. आता क्रम उलटा केलाय, बँक शेवटाकडे, पाचव्या बैठकीत, आणि तो क्रमच खाली सांगतेय. सहा बैठका, आठवड्याला एक, प्रत्येकी दीड-दोन तास, बारा ते पंधरा माणसं, त्याहून जास्त नको.

कधी आणि कुठे

लावणीच्या दिवसांत नको, चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आधीचे पंधरा दिवस नको, मे महिन्यात तर अजिबात नको कारण काजू, आंबे, लग्नं आणि पुरुमेंताची (पावसाळ्यासाठीच्या साठवणीची) धावपळ सगळं एकत्र असतं. सगळ्यात चांगला काळ म्हणजे सरद (पावसाळी) भात कापून मळून झालं आणि भाजीची वाफी करायला नुकती सुरुवात झाली, तेव्हाचा. हातात थोडा पैसा असतो आणि पुढे काय लावायचं हा विचार डोक्यात चालू असतो, म्हणजे शिकलेलं लगेच वापरता येतं. वेळ दुपारी तीन ते पाच. बाजाराचे दिवस सोडून, म्हणजे बाणस्तारीचा गुरुवार आणि म्हापशाचा शुक्रवार नको.

जागा अशी निवडा जिथे सगळे येतील, शाळेचा वर्ग सगळ्यात बरा. देवळाच्या सभामंडपात घेतला तर अर्धं गाव लांब राहतं, चॅपलच्या हॉलमध्ये घेतला तर दुसरं अर्धं. आणि एक गोष्ट बाहेरच्या ट्रेनरच्या लक्षातच येत नाही, बोलायला सगळे कोंकणी बोलतात पण वाचायला मात्र हिंदू घरांतल्या बायका मराठी वाचतात आणि कॅथलिक घरांतल्या बऱ्याच जणी रोमी लिपीतली कोंकणी. तर मराठीत छापलेला सुंदर कागद वाटलात तर अर्ध्या बायका तो घडी करून ठेवून देतात आणि विचारत नाहीत. म्हणून कागदावर चित्रं आणि आकडे. नारळाचं चित्र, फेरीबोटीचं चित्र, गोणीचं चित्र. आकडे सगळ्यांना येतात.

शक्य असेल तर नवरा-बायको दोघांना बोलवा. वही एकाच्या हातात आणि पैसा दुसऱ्याच्या खिशात असं असेल तर ती वही महिनाभरही टिकत नाही.

पहिली बैठक: बारा घरं आणि चिंचोके

पेन-वही काढायची नाही. जमिनीवर खडूने बारा चौकोन काढा, महिने. प्रत्येक घराला दोन मुठी चिंचोके द्या, एक चिंचोका म्हणजे हजार रुपये असं धरा. आता प्रत्येकाने ज्या महिन्यात पैसा येतो तिथे चौकोनाच्या वरच्या बाजूला चिंचोके ठेवायचे, जातो तिथे खालच्या बाजूला. नारळ पाडल्यावर आलेले, भाजीचे, काजू-आंब्याचे, पीएम किसानचे वर्षाला सहा हजार तीन हप्त्यांत येतात ते, मुलाच्या पगारातले. खाली जून महिन्यात शाळा, ट्रॅक्टर, बियाणं, खत, लावणीची मजुरी, मग चवथ, फेस्त (चर्चचा उत्सव), लग्नाचे आहेर, आजारपण.

हे करायला तासभर लागतो आणि लागू द्या, घाई करू नका, कारण लोक एकमेकांचे चौकोन बघून आपले बदलतात आणि तिथेच खरं शिक्षण होतं. जवळजवळ प्रत्येक घरात एकच चित्र दिसतं: एप्रिल-मेमध्ये वरची बाजू भरलेली, आणि जून ते सप्टेंबर वर रिकामं, खाली ढीग. म्हणजे वर्षाचा पैसा पुरत असतो पण वेळेवर नसतो. एका काकीने तेव्हा सगळ्यांना मानशीची (खाजनाच्या बांधातल्या पाण्याच्या दारांची) गोष्ट सांगितली, की भरतीला दारं आपोआप मिटतात आणि ओहोटीला उघडतात, पण दारं कुजली की खारं पाणी आत येणारच, आमच्या घरातल्या पैशाला दारच नाही. मला याच्यापेक्षा चांगलं समजावता आलं नसतं. तुमच्या वर्गातही मानशीवरूनच बोला, भरती-ओहोटी त्यांना तुमच्यापेक्षा जास्त कळते.

या बैठकीतून एकच काम घरी न्यायचं. मेमध्ये आलेल्या पैशातून लावणीचा आणि चवथीचा पैसा आधीच बाजूला. दोन डबे करा, किंवा बँकेत दुसरं सेव्हिंग खातं, किंवा पोस्टातली रिकरिंग. एक शेताचा, एक घराचा. शेताच्या डब्यातून घरासाठी काढले तर चिठ्ठी टाकायची, किती आणि कधी. काढायचेच नाहीत असा नियम कोणी पाळत नाही, पण चिठ्ठीचा नियम पाळतात असा आमचा अनुभव आहे.

दुसरी बैठक: वही

साधी शंभर पानी वही, प्रत्येक पानावर चार रकाने. आलं, गेलं, उधार, आणि वेळ. चौथा रकाना बहुतेक ठिकाणी शिकवत नाहीत आणि बेटावर तोच सगळ्यात महत्त्वाचा, का ते पुढच्या बैठकीत कळेल. वेळ म्हणजे त्या दिवशी शेतात किती तास आणि बाजारात जाऊन यायला किती तास, रांगेत उभं राहिलेला वेळ धरून.

रोज लिहायचं, झोपायच्या आधी, पाच मिनिटं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी घरातल्या शाळेत जाणाऱ्या मुलाला सांगायचं, किंवा व्हॉट्सॅपवर स्वतःलाच आवाजात मेसेज पाठवून ठेवायचा आणि रविवारी कोणाकडून तरी उतरवून घ्यायचा. चालतं. परफेक्ट वही नको, सलग वही हवी.

घरी खाल्लेलं आणि शेजारी दिलेलंही लिहा. यावर वर्गात नेहमी वाद होतो, "शेजारणीला दिलेली भाजी काय मोजायची?" असं विचारतात आणि त्यांचं बरोबरच आहे, देणं बंद करायचंच नाहीये. पण घरी वर्षभर खाल्लेला उकडा तांदूळ आणि नारळ विकत घेतले असते तर किती गेले असते हे एकदा कळलं की "शेतीत काही सुटत नाही" हे वाक्य जरा कमी ऐकू येतं. पोरांनाही ते कळायला हवं, कारण शेत पडीक ठेवायचा निर्णय पुढे तीच घेणार.

अजून एक. आपल्याकडे भाजी जुडीने जाते, वाटा लावून जाते, नारळ नगावर जातो. म्हणून एकदा घरी तराजू आणून दहा जुड्या वजन करा आणि सरासरी काढा. किलोचा भाव कळल्याशिवाय जुडीचा भाव बरोबर आहे का कळणारच नाही. भाताचं पण तसंच, शंभर किलो भात गिरणीतून साधारण पासष्ट किलो तांदूळ होऊन येतो, मग भात विकावं की उकडून तांदूळ विकावा हे उकडायचं सरपण आणि दोन दिवसांची मेहनत धरून कागदावर मांडा. कोरगुटाचा (इथल्या जुन्या भाताच्या वाणाचा) उकडा तांदूळ मागून घेणारी गिऱ्हाईकं आहेत, त्यांना थेट दिला तर बहुतेक वेळा फायदा होतो, पण बहुतेक वेळाच, नेहमी नाही, म्हणून मांडायचं.

तिसरी बैठक: एका किलोचा खर्च

ही बैठक सगळ्यात महत्त्वाची, हवं तर दोन दिवस घ्या. एकच पीक घ्या आणि फळ्यावर सगळ्यांनी मिळून मांडा. मी भेंडीचं उदाहरण देते, आकडे समजावण्यापुरते धरलेत, तुमच्या वर्गात तुमच्याच लोकांच्या वहीतले घाला.

समजा तीनशे चौरस मीटरची भेंडी. बियाणं ४००, शेणखत १,८००, फवारणी ३५०, पंपाचा खर्च ९००, पॉवर टिलर १,०००, दोऱ्या-पिशव्या ३५०. झाले ४,८००. सीझनला चोवीस वेळा बाजारात गेली, प्रत्येक फेरीला साठ रुपये बस-रिक्षा, म्हणजे १,४४०. एकूण ६,२४०. भेंडी निघाली तीनशे किलो. किलोला पडले एकवीस रुपये. बाजारात पन्नासने गेली, म्हणजे किलोमागे एकोणतीस सुटले, छान. इथपर्यंत सगळे मान डोलावतात.

आता चौथा रकाना उघडा. शेतात घरातल्या दोघांचे मिळून रोज दोन तास, पंचाहत्तर दिवस, म्हणजे दीडशे तास. बाजाराला जाऊन यायला फेरीची वाट धरून पाच तास, चोवीस वेळा, म्हणजे एकशेवीस तास. मग वर्गाला विचारा, तुमच्याच गावात दुसऱ्याच्या भाटात (बागेत) कामाला गेलं तर तासाला काय मिळतं? समजा साठ. तर शेतातल्या मेहनतीचे ९,००० आणि बाजारच्या वेळेचे ७,२००. सगळं मिळून २२,४४०, भागिले तीनशे, किलोला पंचाहत्तर रुपये.

फळ्यावर हा आकडा आला की वर्ग एकदम गप्प होतो. त्या शांततेत तुम्ही काही बोलू नका. थोड्या वेळाने कोणीतरी म्हणतंच की म्हणजे आम्ही इतकी वर्षं फुकट राबलो का. तर नाही, असं नाही, आणि हे नीट समजावून सांगा, नाहीतर माणसं निराश होऊन शेती सोडायचा विचार करतात आणि ते आपण करायला आलेलो नाही. घरच्या मेहनतीचा पैसा बाहेर जात नाही, तो घरातच राहतो, पन्नासला विकलं तरी हातात रोख आलीच आहे. पण आपण तासाला साठऐवजी साधारण बत्तीस रुपयांवर काम केलं हे कळायला हवं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या पंचाहत्तरमधले अठ्ठावीस-एकोणतीस रुपये शेतात नाही तर नदी ओलांडण्यात गेलेत. पाऊस, कीड, बियाणं, यातलं बरंच आपल्या हातात नसतं. ओलांडणं थोडं तरी आहे.

चौथी बैठक: पलीकडे कोण जाणार

मग लगेच त्याच आकड्यांवर पुढचं गणित. चार शेजारणींनी मिळून पाळी लावली, आज एक चौघींचा माल घेऊन जाते, परवा दुसरी. प्रत्येकीच्या वाट्याला चोवीसऐवजी सहा फेऱ्या. माल जास्त म्हणून साठऐवजी रिक्षाला एकशेसाठ धरू, चौघींत वाटून सीझनचे प्रत्येकी ९६०. वेळ तीस तास, म्हणजे १,८००. शेतातला खर्च तोच, मेहनत तीच. बेरीज १६,५६०, किलोला पंचावन्न. एक काडी न हलवता किलोमागे वीस रुपये कमी झाले. माझ्यासाठी अख्ख्या ट्रेनिंगमधला हा सगळ्यात आनंदाचा क्षण असतो, कारण यात ना कोणाकडे अर्ज करायचा असतो ना कुठली सबसिडी यायची वाट बघायची असते.

पण पाळी सुरू करणं सोपं, टिकवणं अवघड, आणि ती मोडते ते नेहमी दोनच कारणांनी. तुझी भेंडी विकली गेली आणि माझी उरली, हे एक. आणि पैसे कमी आले, हे दुसरं. दोन्हीचं औषध आधीच ठरवून ठेवायचं: निघायच्या आधी फेरी धक्क्यावर सगळ्यांचा माल वजन करून एका छोट्या वहीत लिहायचा, दोन दर्जे करायचे आणि एका दर्ज्याचा माल एकत्र करून टाकायचा, म्हणजे कोणाची भेंडी गेली हा प्रश्नच येत नाही, आलेले पैसे किलोप्रमाणे वाटायचे. उरलेलं आणि खराब झालेलंही किलोप्रमाणेच वाटायचं. आणि वाटणी त्याच संध्याकाळी, उद्यावर नाही.

कुठल्या बाजारात जायचं तेही मांडा. पणजी मार्केट जवळ, म्हापशाला शुक्रवारी गर्दी जास्त पण लांब, बाणस्तारी जुव्याच्या लोकांना सोयीची. चोडणच्या लोकांना मये बाजूने रस्ता आहे, दिवाडीच्या लोकांना फेरीशिवाय उपाय नाही, त्यामुळे एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही. गोवा राज्य फलोत्पादन महामंडळ स्थानिक भाजी विकत घेतं, बागायतदार सोसायटीकडे काजू-सुपारी-नारळ देता येतात, तिथे भाव कदाचित बाजारापेक्षा कमी वाटेल पण बसून विकायचे तास वाचतात. कुठलं परवडतं ते चौथ्या रकान्यात बघायचं. दिवाडीला ऑगस्टमध्ये बोंदेराला हजारो माणसं स्वतःहून बेटावर येतात, त्या दिवशी फेरी त्यांनी ओलांडलेली असते. लोणचं, सोलां (सुकी आमसुलं), आंब्याचं साठ (आंबापोळी), व्हिनेगर, हे त्या दिवसासाठी मे महिन्यापासूनच तयार ठेवता येतं. पॅक करून विकायचं तर एफएसएसएआयचं (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचं) बेसिक रजिस्ट्रेशन करून घ्या, छोट्या धंद्याला ते ऑनलाइन होतं आणि फी अगदी थोडी आहे, एजंटला पैसे देऊ नका. लेबलवर वजन, तारीख, किंमत, पत्ता हवाच.

जुव्याच्या सात शिरांच्या भेंड्याला २०२३ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला. अभिमानाची गोष्ट आहे. पण जीआय मिळाला म्हणून गिऱ्हाईक आपोआप जास्त देत नाही, त्याला आधी कळलं पाहिजे की समोरची भेंडी तीच आहे. त्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलं नाव नोंदवायला लागतं, आणि टोपलीत बाहेरची भेंडी मिसळायची नाही म्हणजे नाही. एकीने मिसळली तर अख्ख्या गावाचं नाव जातं.

पाचवी बैठक: उचल, कर्ज, विमा, फोन

आता बँक. पण सुरुवात उचलीपासून करा. डिसेंबर-जानेवारीत मोहोर दिसला की व्यापारी येतो, दहा हजार हातावर ठेवतो आणि आंबा मलाच द्यायचा असं ठरतं. याला कोणी कर्ज म्हणत नाही. पण समजा त्या बोलीपायी डझनाला बाजारापेक्षा पन्नास रुपये कमी मिळाले आणि साठ डझन दिले, तर तीन हजार गेले. दहा हजारांवर चार महिन्यांचं व्याज तीन हजार. वर्षाचा दर काढला तर नव्वद टक्के. तेच दहा हजार किसान क्रेडिट कार्डवर सात टक्क्यांनी चार महिने घेतले तर व्याज होतं दोनशे तेहेतीस रुपये, आणि वेळेत फेडलं तर तीन टक्के सूट मिळून दर चारवर येतो. सगळे व्यापारी वाईट असं मी म्हणत नाही, अडीनडीला रात्री तेच उभे राहतात, पण किंमत माहीत असून घेणं वेगळं.

किसान क्रेडिट कार्ड (केसीसी) १९९८ पासून आहे तरी बेटावर अनेकांकडे नाही, आणि कारण बहुतेक वेळा कागद. वन-फोर्टीनच्या (गोव्यातल्या जमिनीच्या) उताऱ्यावर आजोबांचं नाव, खाली अकरा वारस, त्यातले चार मुंबईत, दोन पोर्तुगालला. कुळांचं अजून वेगळं, कूळ कायद्याच्या १९७६ च्या दुरुस्तीने कूळ मालक व्हायला हवं पण ज्यांचे खटले पूर्ण झाले नाहीत त्यांची नावं अजून दुसऱ्या रकान्यातच आहेत. या बैठकीला प्रत्येकाने आपला उतारा आणायचा आणि शेजारी बसून वाचायचा, कुठल्या रकान्यात कोण आहे ते. तुमच्याने एका दिवसात दुरुस्त होणार नाही, पण काय दुरुस्त करायचंय ते लिहून दिलं तरी खूप झालं. जमिनीचा कागद नसणाऱ्यांनी चार ते दहा जणांचा संयुक्त जबाबदारी गट करून कर्ज मागता येतं. आणि जानेवारी २०२५ पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला तारण लागत नाही, बँकेत कोणी मागितलं तर हे नम्रपणे पण ठामपणे सांगा. गोव्याच्या सरकारी योजनांसाठी कृषी कार्ड लागतं ते विभागीय कृषी कार्यालयातून आधी काढून ठेवा.

कर्ज कशासाठी घ्यायचं याचा एकच साधा नियम सांगते: ज्यातून पुढच्या पिकाला पैसा येणार त्यासाठीच. केसीसीतून फेस्त केलं की ते फेडायला पुन्हा उचल घ्यावी लागते.

पीक विम्यात खरीप भाताला शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या दोन टक्के, भाजी-बागायतीसारख्या पिकांना पाच. पण पैसे अडकतात ते कळवण्यावर. स्थानिक नुकसान झालं तर बहात्तर तासांच्या आत कळवायला लागतं. पाणी साचून गेलेलं भात मध्यंतरी या प्रकारातून काढलेलं होतं, ते खरीप २०२६ पासून परत घेतल्याचं केंद्राने जाहीर केलंय, खाजनवाल्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे, तरी आपल्या गावाला आणि आपल्या पिकाला लागू आहे का ते कृषी कार्यालयात विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. विम्याचं ॲप वर्गातच सगळ्यांच्या फोनमध्ये घालून घ्या आणि एकदा खोटाखोटा फोटो काढायला लावा. बांध फुटलेल्या रात्री कोणी ॲप डाउनलोड करत नाही.

फोनवरच्या पैशाबद्दल तीनच वाक्यं, पण ती तीनदा म्हणून घ्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन मागितला की समोरचा चोर. गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नाहीत, आपल्या फोनवर किंवा पैसे आले की बोलणाऱ्या डब्यावर आवाज आला की पैसे. फसलात तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन.

सहावी बैठक: बांधाचा हिशेब

ही बैठक कुठल्याच सरकारी ट्रेनिंगमध्ये नसते, आणि माझं ठाम मत आहे की खाजनाच्या गावात याच्याशिवाय ट्रेनिंग पूर्ण होत नाही. तुमच्या चार कुणग्यांचा हिशेब कितीही चांगला असला तरी बांध फुटला आणि खारं पाणी आत आलं की दोन-तीन वर्षं भात विसरा. आणि बांध एकट्याचा नाही, तो कूळ संघाचा, गावाचा. मानशीतल्या मासळीचा दरवर्षी लिलाव होतो, तो पैसा संघात जातो, त्यातून बांधाची आणि मानशीच्या दारांची दुरुस्ती व्हायची असते. किती आला, किती खर्च झाला, किती उरला, हे शेतात राबणाऱ्या किती जणांना माहीत आहे? वर्गात हात वर करायला सांगा, फार कमी हात वर येतात. बायकांचे तर जवळजवळ नाहीच, मीटिंगला त्या जातच नाहीत.

तर जमाखर्चाचा एक नमुना कागद करा. सुरुवातीची शिल्लक, अधिक जमा, वजा खर्च, बरोबर शेवटची शिल्लक, आणि ती शिल्लक पासबुकाशी जुळते का. इतकंच. पहिल्या बैठकीत चिंचोक्यांवर जे केलं तेच, फक्त गावाच्या पैशाचं. मग कोणावरही आरोप न करता सर्वसाधारण सभेत काय विचारायचं ते तिथेच बोलून बघा, एकजण सेक्रेटरी बनतो, बाकीचे विचारतात: लिलाव कितीला गेला, पैसे कोणत्या तारखेला भरले, दुरुस्तीची बिलं कुठे आहेत, दारं कधी बदलली. मासळीसाठी पाणी जास्त दिवस आत ठेवलं की लिलाव घेणाऱ्याला फायदा आणि बांधाला त्रास, म्हणून लिलावाच्या अटी सभेत मोठ्याने वाचून दाखवायची मागणी करा.

नवीन वाणाचा विचारही याच बैठकीत घ्या. जुन्या गोव्याला, दिवाडीच्या समोरच, कृषी संशोधन संस्था आहे, तिथून खारं पाणी सहन करणारी गोवा धान वाणं आली आहेत. कोरगूट आपला पिढ्यानपिढ्यांचा, खाऱ्यात तग धरतो पण पीक कमी देतो. सगळं एकदम बदलू नका. चारातला एक कुणगा नवीन, तीन जुने, आणि दोन्हींची वही वेगळी.

नंतर

सर्टिफिकेट द्यायचं असेल तर द्या, फोटो काढा, लोकांना आवडतं. पण तुमची तारीख सहाव्या बैठकीला संपू देऊ नका. एक महिन्याने, तीन महिन्यांनी आणि पुढच्या जूनमध्ये, अशा तीन वेळा घरी जा. घरीच, हॉलमध्ये नाही. वही मागा आणि एकच प्रश्न विचारा, या वहीत बघून तुम्ही कुठली एक गोष्ट बदलली? कोणी पाळी सुरू केलेली असते, कोणी मुळा सोडून अळसांदे लावलेले असतात, एकीने नारळ नगाऐवजी वजनावर द्यायला सुरुवात केली होती. काही घरांत वही चवथीपासून कोरी असते. तिथे रागावू नका, मागचं भरायला लावू नका, ते कधीच भरलं जात नाही. कोरी पानं सोडा, नव्या पानावर आजची तारीख घाला, आणि आज सकाळी फेरीला किती वेळ गेला ते त्यांच्याकडून पहिल्या ओळीत लिहून घ्या.